पित्ताशय काढल्यावर पित्त जातं कुठे?

"ताई, मी ३८ वर्षांची आहे. मागच्या वर्षी हट्टाने खाणं कमी केलं आणि तीन महिन्यांत २० किलो वजन उतरवलं. गेल्या पाच महिन्यांत तीनदा मध्यरात्री उजव्या बरगडीखाली असं दुखलं की बसवेना, झोपवेना. कळ पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत जायची आणि तीन-चार तासांनी आपोआप थांबायची. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे दिसले, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटरचा. सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सांगितलंय. तीन आठवड्यांनंतरची तारीख आहे. घरात एक जण म्हणतो नुसते खडे काढून घे, अख्खा अवयव कशाला घालवायचा. दुसरं कुणी म्हणतं तेल आणि लिंबाचा रस प्यायला की खडे पडतात. मला भुलेची भीती वाटते. किती दुखेल? माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला उचलता येईल का? आणि पिशवीच नसेल तर पित्त जाणार कुठे? आयुष्यभर पथ्य करायचं का? – तुमची वाचक"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की बाकीचे बरेच सोपे होतात. मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम केलं आणि माझंही पित्ताशय दुर्बिणीतून काढलेलं आहे. त्यामुळे खाटेच्या दोन्ही बाजूंचं थोडं थोडं मला ठाऊक आहे.

पित्ताशय पित्त तयार करत नाही. पित्त तयार करतं यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली नासपतीसारख्या आकाराची छोटी पिशवी, जिच्यात एका वेळी जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात यकृतातून येणारं पित्त ती साठवते, त्यातलं पाणी शोषून त्याला दाट करते आणि स्निग्ध पदार्थ पोटातून पुढे आतड्यात पोहोचले की आकसून ते पित्त एकदम आतड्यात सोडते. पिशवी काढल्यावर यकृताचं काम जसंच्या तसं चालू राहतं. फरक एवढाच, की पित्त साठून एकदम येण्याऐवजी दिवसभर थोडं थोडं पित्तनलिकेतून सरळ लहान आतड्यात झिरपत राहतं. पचनाला ते पुरतं. बहुतेकांना काही आठवड्यांनंतर आपल्याला पित्ताशय नाही याची आठवणही होत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या भाषेतल्या एका शब्दामुळे वॉर्डात कितीतरी वेळा निराशा झालेली पाहिली आहे. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले, डोकं दुखून उलटी झाली, की आपण म्हणतो "पित्त झालं". ते जळजळणारं असतं जठरातलं आम्ल. पित्ताशयातलं पित्त हा निराळा रस. ऑपरेशननंतर "पित्ताची पिशवी काढली तरी माझं पित्त काही गेलं नाही" असं म्हणणारे रुग्ण भेटतात, आणि त्यांची तक्रार खोटी नसते. त्यांना कुणी आधी समजावूनच सांगितलेलं नसतं. खड्यांमुळे होणारी कळ ऑपरेशनने थांबते. जळजळ, गॅस, पोट फुगणं यांचं कारण बऱ्याचदा वेगळं असतं आणि ते तसंच राहू शकतं. तुम्ही लिहिलेलं दुखणं, म्हणजे उजव्या बाजूला किंवा पोटाच्या वरच्या भागात उठणारी, पाठीकडे जाणारी, काही तास टिकून थांबणारी कळ, हे मात्र खड्यांचं अगदी ओळखीचं दुखणं आहे. तुमचं चित्र स्पष्ट आहे. तरी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: "माझ्या कोणत्या तक्रारी यानंतर थांबतील आणि कोणत्या थांबतील असं तुम्ही सांगू शकत नाही?"

आता घरातल्या दोन्ही मतांबद्दल. नुसते खडे का काढत नाहीत, ही शंका मूत्रपिंडाच्या खड्यांमुळे येते. तिथे खडा फोडतात, काढतात, आणि मूत्रपिंड जागेवर राहतं. पण मूत्रपिंडाशिवाय भागत नाही, पित्ताशयाशिवाय भागतं. शिवाय खडे तयार होतात ते पित्ताशयातच, दाट झालेल्या पित्तातलं कोलेस्टेरॉल विरघळलेलं राहू न शकल्याने. पिशवी ठेवून खडे काढले तर तीच पिशवी पुन्हा खडे करते. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या सर्जनला हे १८८२ मध्येच उमगलं होतं. त्याच्या आधीचे सर्जन पिशवी उघडून खडे काढत. त्याने त्या वर्षी जुलैमध्ये पहिल्यांदा सबंध पित्ताशय काढलं. त्याचं म्हणणं असं, की पित्ताशयात खडे आहेत म्हणून ते काढायचं नाही, ते खडे करतं म्हणून काढायचं. खडे विरघळवणारं औषध आहे, अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल. ते फक्त छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, तेही पित्ताशय नीट आकसत असेल तरच लागू पडतं. महिनोन्महिने घ्यावं लागतं, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना खडे परत होतात. ११ मिलिमीटरच्या खड्यासाठी आणि तीनदा कळ येऊन गेलेल्या माणसासाठी ती वाट नाही.

तेल आणि लिंबाच्या रसाबद्दल मी जरा स्पष्ट बोलते. ते प्यायल्यावर शौचावाटे हिरवट, मऊ गोळे पडतात आणि लोक ते खडे समजून बरणीत भरून दाखवायला आणतात. ते तेलाचेच पोटात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. खरा खडा टणक असतो. नंतरच्या सोनोग्राफीत सगळे खडे जिथल्या तिथे दिसतात. आणि एका वेळी एवढं तेल पोटात गेलं की पित्ताशय जोराने आकसतं. नेमक्या त्याच वेळी एखादा छोटा खडा नलिकेत उतरून अडकला तर साध्या दुखण्याचं मोठं आजारपण होतं. हा प्रयोग करू नका, घरात कुणी कितीही प्रेमाने पेला पुढे केला तरी.

"थांबून पाहिलं तर?" हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. ज्यांना खडे आहेत पण त्रास कधीच झालेला नाही, त्यांचं ऑपरेशन सहसा करत नाहीत. अशा शंभर जणांतल्या एक ते चार जणांनाच दर वर्षी नव्याने त्रास सुरू होतो. पण एकदा कळ येऊ लागली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, आणि पुढच्या वेळी ती साधी कळच असेल असं धरून चालता येत नाही. पित्ताशयाला सूज येऊन ताप येऊ शकतो, खडा पित्तनलिकेत उतरून कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सूज आलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयाचं ऑपरेशन शांत पित्ताशयाच्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. तुमची वेळ चांगली आहे, ती दवडू नका असंच मी म्हणेन.

या तीन आठवड्यांत तेलकट, तळलेलं, साय-लोण्याचं टाळा आणि एकदम पोटभर खाऊ नका, म्हणजे पिशवीला जोराने आकसायचं कारण कमी मिळेल. पण पुन्हा उपाशी राहू नका. वजन फार वेगाने उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि खाणं कमी असल्याने पिशवी रिकामी होत नाही. तुमचे खडे तसे झाले असण्याची दाट शक्यता आहे. हे दोष देण्यासाठी सांगत नाही. बाई असणं, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन, वाढतं वय, घरातल्या इतरांना खडे असणं, या सगळ्यांनी शक्यता वाढते, आणि यातलं फारसं कुणाच्या हातात नसतं. मध्येच कळ उठली आणि सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, किंवा पोटाच्या मधोमध असह्य दुखून ते पाठीत गेलं आणि उलट्या थांबेनात, तर तारखेची वाट पाहायची नाही. लगेच रुग्णालयात जायचं.

ऑपरेशनआधी रक्ताच्या तपासण्या होतील. त्यात यकृताच्या तपासण्यांचं विशेष महत्त्व आहे. त्या बिघडलेल्या असतील किंवा सोनोग्राफीत पित्तनलिका रुंद दिसत असेल, तर नलिकेत खडा आहे का ते पाहायला एमआरसीपी नावाची एमआरआयसारखीच तपासणी सांगतात. तिथे खडा सापडला तर तो तोंडावाटे दुर्बीण घालून ईआरसीपीने आधी काढतात, किंवा काही ठिकाणी ऑपरेशनमध्येच काढतात. तुम्हाला असं काही सांगितलं तर घाबरू नका, उलट ते आधी कळलं हे बरं.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या. त्यात रोजच्या गोळ्या, इंजेक्शनं, गर्भनिरोधक गोळ्या, जडीबुटीची चूर्णं, आणि वजनासाठी काही घेतलं असेल तर तेही असू द्या. वजन कमी करण्याच्या आठवड्याच्या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून भूलतज्ज्ञाला ते कळणं फार गरजेचं असतं. संकोचाने लपवू नका. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची काही औषधं आधी थांबवावी लागतात, पण कोणती आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवायचं, शेजारच्यांच्या अनुभवावरून नाही. सहसा ऑपरेशनच्या आधी सहा तास काही खायचं नसतं, आणि दुधाची गणतीही खाण्यातच होते. साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या रुग्णालयाने जी वेळ लिहून दिली असेल ती पाळा. चुकून काही खाल्लं गेलं तर सांगून टाका. तारीख पुढे गेली तरी चालेल, भरल्या पोटी भूल घेणं चालणार नाही.

भुलेची भीती मी समजू शकते. स्वतः टेबलावर आडवी झाले तेव्हा इतक्या वर्षांची सगळी माहिती डोक्यातून पुसली गेली आणि फक्त वरचे दिवे दिसत राहिले. होतं ते असं: हाताला सुई लावतात, छातीवर आणि बोटाला मोजमापाच्या तारा लावतात, तोंडावर मास्क धरून खोल श्वास घ्यायला सांगतात, आणि सुईतून औषध गेलं की काही सेकंदांत झोप लागते. त्यानंतर श्वासनलिकेत नळी घालतात, ती तुम्हाला कळत नाही. जागं व्हायच्या वेळी ती काढतात. भूलतज्ज्ञ औषध देऊन निघून जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ऑपरेशन चालू असतं तोवर तो तुमच्या डोक्याशी बसून तुमचा श्वास, रक्तदाब, हृदयाचे ठोके, रक्तातला प्राणवायू बघत असतो आणि औषध कमी-जास्त करत असतो. "भूल उतरलीच नाही तर" ही भीती घेऊन तुम्ही जाताय, पण ते औषध द्यायचं बंद केलं की ते उतरतंच. भूलतज्ज्ञ आधी भेटायला येतील तेव्हा तीन गोष्टी सांगा: पूर्वी कधी भूल घेतली होती का आणि काही त्रास झाला का, घरात कुणाला भुलेचा गंभीर त्रास झाला आहे का, आणि तुम्हाला गाडी लागते का. शेवटचं विचित्र वाटेल. पण गाडी लागणाऱ्या बायकांना भुलेनंतर मळमळ जास्त होते, आणि आधी कळलं तर त्यावरची औषधं झोपेतच देऊन ठेवतात. हलणारे दात, कॅप, अ‍ॅलर्जी हेही सांगा.

ऑपरेशन साधारण तासाभराचं, कधी थोडं कमी, कधी दीड तास. बाहेर बसलेल्यांना मात्र आधीच सांगून ठेवा, की भूल देण्याचा आणि जागं होण्याचा वेळ धरला तर तुम्ही दोन-तीन तास दिसणार नाही. नाहीतर तासाभरानंतर त्यांचा जीव वरखाली होऊ लागतो. बेंबीपाशी एक आणि पोटाच्या वरच्या भागात तीन अशी सहसा चार छोटी छिद्रं करतात, अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या आसपासची. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून हत्यारं. पित्ताशयाची नळी आणि त्याची रक्तवाहिनी या दोनच गोष्टी पित्ताशयात जाताना स्पष्ट दिसल्या पाहिजेत, आणि तसं दिसेपर्यंत काही कापायचं नाही, हा या ऑपरेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम. मग दोन्हींना छोट्या क्लिपा लावून कापतात, पिशवी यकृतापासून सोडवतात आणि छोट्या थैलीत घालून, बऱ्याचदा बेंबीच्या छिद्रातून, बाहेर काढतात. या क्लिपा सहसा टायटॅनियमच्या असतात. त्या कायम आत राहतात आणि त्यांच्यामुळे पुढे एमआरआय करायला अडचण येत नाही. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये अशा प्रकारे पहिलं पित्ताशय काढलं तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्यांनी ते मानलं नव्हतं. आज हीच नेहमीची पद्धत आहे.

संमतीपत्रावर "गरज पडल्यास पोट उघडून" असं लिहिलेलं असेल. ते वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. सूज किंवा चिकटलेल्या ऊतींमुळे आतलं स्पष्ट दिसत नसेल, रक्तस्राव होत असेल, तर सर्जन उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेऊन ऑपरेशन पूर्ण करतात. आधीपासून सूज नसलेल्या पित्ताशयात अशी वेळ क्वचित येते. कधी धोकादायक भाग न छेडता पिशवीचा थोडा भाग आत ठेवतात. अशा वेळी सर्जनचं काही चुकलं असं समजू नका. दिसत नसताना दुर्बिणीचाच हट्ट धरणाऱ्यापेक्षा थांबून निर्णय बदलणारा सर्जन मला केव्हाही चालेल. उघडून केलेल्या ऑपरेशननंतर रुग्णालयात काही दिवस जास्त राहावं लागतं आणि पूर्ण बरं व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, एवढं मनाशी असू द्या.

सगळ्यात गंभीर धोका मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचा. तो हजारात तीन ते पाच जणांच्या आसपास, म्हणजे दुर्मीळ आहे, पण झाला तर दुरुस्तीसाठी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. त्यापेक्षा थोडी जास्त वेळा दिसते ती पित्ताची गळती, एखादी क्लिप सरकल्याने किंवा यकृताकडून थेट येणाऱ्या बारीक नलिकेतून होणारी. ती बहुतेकदा पोट पुन्हा न उघडता, ईआरसीपीने नलिकेत छोटी नळी बसवून आणि साठलेलं पित्त बाहेर काढून बरी करता येते. हे मी लपवत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याच्याशी याचा थेट संबंध आहे.

जाग येईल तेव्हा थंडी वाजेल, घसा खवखवेल, तोंड कोरडं असेल, मळमळेल. पोट ताठ आणि फुगलेलं वाटेल. यातलं काहीच अनपेक्षित नाही. अनपेक्षित वाटतं ते खांद्याचं दुखणं. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय उजवा खांदा, कधी दोन्ही! रात्रपाळीला असताना या खांद्यासाठी घाबरून बेल वाजवणारे किती रुग्ण पाहिले याची मोजदाद नाही. छातीत काही झालं असं त्यांना वाटतं. पोटात भरलेला वायू ऑपरेशन संपताना काढून टाकतात, पण थोडा उरतो. तो छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला चिडवतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेतल्या त्याच भागातून येतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. दोन-तीन दिवसांत वायू शोषला जातो आणि दुखणं जातं. उठून चालण्याने बरं वाटतं, काहींना शेकण्याने. मला स्वतःला पोटाच्या जखमांपेक्षा या खांद्याने जास्त सतावलं होतं, आणि कारण माहीत असूनही पहिल्या रात्री मी दोनदा बेल वाजवली. तुम्हीही वाजवा. विशेषतः श्वास लागत असेल किंवा छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर ते खांद्याचंच असेल असं स्वतःच ठरवू नका.

त्याच संध्याकाळी उठवून चालायला लावतील. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. खोकला, शिंक, हसू आलं तर पोटावर उशी दाबून धरा. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. दुखण्याचं औषध पहिले दोन-तीन दिवस वेळेवर घ्या, कळ वाढेपर्यंत वाट पाहू नका. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, चालत नाही, आणि मग दुसऱ्याच तक्रारी सुरू होतात. जोरदार वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं, त्यावर डॉक्टरांना आधीच काही विचारून ठेवा. सगळ्यात जास्त बेंबीजवळची जखम दुखते, पिशवी तिथूनच बाहेर काढलेली असेल तर. तिच्याभोवती निळं-काळं होणं, आत टणक गाठीसारखं लागणं, हे काही आठवड्यांत जातं.

आणि आता या पत्रातली, माझ्या मते, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा थोडा तरी बरा गेला पाहिजे. किती दुखतंय यापेक्षा दुखणं कमी होत चाललंय की वाढत चाललंय याकडे लक्ष ठेवा. पहिल्या दिवशी खूप दुखलं, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी, असं असेल तर सगळं ठीक चाललंय. पण दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट पुन्हा दुखायला लागलं, फुगायला लागलं, जेवण नकोसं झालं, नाडी जलद झाली, तर "ऑपरेशन झालंय, दुखणारच" असं घरच्यांनी कितीही समजावलं तरी ऐकायचं नाही. पित्ताची गळती नेमकी अशीच, बऱ्याचदा पहिल्या आठवड्यात, लोक घरी गेल्यावर डोकं वर काढते. वेळेत आलेले रुग्ण लवकर सुटतात. उगाच त्रास नको म्हणून चार दिवस अंथरुणात कण्हत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेक बायका होत्या. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, थंडी वाजणं, डोळे किंवा त्वचा पिवळी होणं, लघवी गडद आणि शौच पांढुरकं होणं, थांबत नसलेल्या उलट्या, जखमेतून पू किंवा पिवळसर-हिरवं पाणी, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, श्वास लागणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करा, रात्र असेल तर तातडीच्या विभागात जा. म्हणून घरी जायच्या आधी एक फोन नंबर मागून घ्या, रात्री दोन वाजता उचलला जाईल असा.

बाकीचं लवकर उरकते. अंघोळ सहसा एक-दोन दिवसांनी करता येते, फक्त जखम चोळायची नाही आणि टबात किंवा पोहायला उतरायचं नाही. टाके बरेचदा विरघळणारे असतात, नसतील तर काढायची तारीख देतील. बसून करायचं काम असेल तर एक ते दोन आठवड्यांत कामावर जाता येतं. पण अर्ध्या दिवसाने सुरुवात करता आली तर करा, कारण दुसऱ्या आठवड्यात जखमा दुखत नसतात आणि थकवा मात्र असतो. दुपारी अचानक गळून गेल्यासारखं होतं. गाडी चालवायची ती एकदम जोरात ब्रेक दाबताना पोट दुखणार नाही आणि गुंगी आणणारं औषध चालू नसेल तेव्हाच. साधारण आठवडाभर तरी नकोच.

मुलीला उचलण्याचं. चार वर्षांचं मूल म्हणजे पंधरा-सोळा किलो, आणि बेंबीजवळची जखम आतून पक्की व्हायला वेळ लागतो. तिथे ताण पडला तर पुढे हर्निया होऊ शकतो. चार आठवडे तिला उचलू नका, आणि नंतरही सर्जनना विचारून. पण तुम्ही बसलेल्या असताना ती शेजारी येऊन बिलगू शकते, उशी मध्ये घेऊन. तिला आत्ताच सांगून ठेवा: आईच्या पोटाला चार छोटे बाऊ होणार आहेत, ते मोजायला देईन, पण काही दिवस पोटावर उडी मारायची नाही. लहान मुलांना आधी सांगितलेलं बरोबर कळतं. ऑपरेशननंतर एकदम "नको, लांब हो" ऐकलं की त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

खाण्याचं कायमचं पथ्य नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, कमी स्निग्ध खा. मग एकेक पदार्थ परत आणा. काहींना विशेषतः स्निग्ध जेवणानंतर घाईने शौचाला जावं लागतं, पातळ होतं. दिवसभर झिरपणाऱ्या पित्तातला काही भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथे पाणी ओढतो, म्हणून असं होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवल्याने मदत होते, एकदम वाढवले तर गॅस होतो. दोन-तीन महिन्यांनीही चालूच राहिलं तर सोसत बसू नका आणि स्वतःच एकेक पदार्थ सोडत सुटू नका. पित्तातल्या आम्लांना बांधून ठेवणारं कोलेस्टिरामिन नावाचं औषध आहे, ते बऱ्याच जणांना लागू पडतं. डॉक्टरांना "पित्ताशय काढल्यापासून असं होतंय" या शब्दांत सांगा, म्हणजे ते त्या दिशेने विचार करतील.

आणखी एक कागद विसरू नका. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवतात. तो नेहमीचा रिवाज आहे, तुमच्याबद्दल कुणाला शंका आहे म्हणून नाही. जवळजवळ नेहमी अहवालात खडे आणि जुनी सूज एवढंच येतं. पण अगदी क्वचित त्यात कर्करोग सापडतो, जो आधी कुठल्याही तपासणीत दिसलेला नसतो, आणि तेव्हा पुढचं पाऊल लवकर टाकणं महत्त्वाचं असतं. टाके दाखवायला जाल तेव्हा तो अहवाल मागा, हातात घ्या, ऑपरेशनच्या कागदांबरोबर फाइलमध्ये लावा. पुढे कधी, अगदी काही वर्षांनी, पोटात तशीच कळ आली किंवा डोळे पिवळे झाले, तर पित्तनलिकेत राहून गेलेल्या किंवा नव्याने झालेल्या खड्याची शक्यता असते, आणि समोरच्या नव्या डॉक्टरांना ती फाइल लागेल.

ऑपरेशन होऊन घरी आलात की दोन ओळी लिहा. खांद्याचं काय झालं ते मला वाचायचं आहे, आणि मुलीने बाऊ किती मोजले तेही.

तुमची,
ताई